सुतकात घासलेली चाकं

माय गेली तो शनिवार होता. त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी सात वाजता मी अंघोळ केली, शर्ट घातला, चावी घेतली आणि गाडीत जाऊन बसलो. गाडी सुरूही केली. शेजारची सीट रिकामी दिसली तेव्हा लक्षात आलं, की आता बीडला जायचं कारण उरलेलं नाही.

दोन वर्षं दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी तिला लिंबागणेशहून बीडला डायलिसिसला नेत होतो. तिला दवाखान्यात सोडायचं, चार तास कोर्टाबाहेरच्या माझ्या टायपिंगच्या दुकानात बसायचं, मग तिला घेऊन घरी यायचं. एसटीत चढायची तिची ताकद संपली तेव्हा त्यासाठीच ही गाडी घेतली होती. जुनी, दोन मालकांच्या हातून आलेली.

गाडी बंद करून खाली उतरलो. ओसरीवर भेटायला आलेली माणसं बसली होती. मधे आबा, म्हणजे माझे वडील, भिंतीला टेकून बसलेले. शनिवारपासून ते कुणाशी बोलले नव्हते. लोक येत, हात जोडत, "लई वाईट झालं" म्हणत, आणि आबा त्यांच्याकडे बघत राहत. लेक म्हणून त्यांच्या शेजारी माझी जागा होती. मी तिकडे गेलो नाही. गाडीआड उकिडवा बसलो. तिथं कुणाला दिसत नव्हतो.

समोर पुढचं डावं चाक होतं. अलॉयची चाकं, आधीच्या मालकानं हौसेनं बसवलेली. आमच्याकडे जुनी माणसं त्यांना मॅगव्हील म्हणतात. मी गाडी घेतली तेव्हाच ती काळपट होती. ब्रेकची राख, डांबराचे ठिपके, चिखल. मधून कडेकडे जाणाऱ्या एका काडीवरून मी बोट फिरवलं. बोट काळं झालं आणि खाली रुपेरी रेघ उमटली. मी दुसरं बोट फिरवलं. आणखी एक रेघ आली.

मला रडू आलं नव्हतं. ते दवाखान्यात आलं नाही, अग्नी देताना आलं नाही, राख सावडतानाही आलं नाही. माझा धंदाच असा, की मी रोज 'मयत' हा शब्द टाइप करतो. वारसाची प्रतिज्ञापत्रं, नावं कमी करायचे अर्ज. समोर बसलेली बाई रडत असते आणि मी तिला विचारतो, तारीख सांगा, गट नंबर सांगा. माय गेल्याचं डॉक्टरनं सांगितलं तेव्हा माझ्या डोक्यात पहिलं वाक्य आलं ते असं: सदर महिला अमुक रोजी मयत झाली. त्याच्या पुढं काही आलंच नाही.

घराच्या मागं लिंबाखाली मोकळी जागा आहे. मी गाडी तिथं नेली. चाकांना दगड लावले, नट सैल केले, जॅक लावून डावं चाक काढलं आणि पोत्यावर आडवं टाकलं. बादलीभर पाणी, निरमा, जुना टूथब्रश. तासभर घासलं. चिखल गेला, राख तशीच. जळून बसलेली होती. मग मला न्हाणीत ठेवलेली संडास धुवायच्या ॲसिडची बाटली आठवली. ती आणून मी चाकावर ओतली.

फस्स आवाज झाला. पांढरा फेस आला, धूर निघाला. मला वाटलं, आता निघेल. ब्रश घेऊन घासत राहिलो. किती वेळ ते माहीत नाही.

"काय टाकलंस रे त्याच्यावर?"

मागं आबा उभे होते. वास ओसरीपर्यंत गेला असावा.

"ॲसिड," मी म्हणालो.

"तुला कोन सांगितलं? पानी टाक. पैलं पानी टाक त्याच्यावर, येड्या! लई पानी टाक!"

चार दिवसांतलं त्यांचं हे पहिलं बोलणं. मी बादली उपडी केली. फेस वाहून गेला आणि चाक दिसलं. जागोजाग दुधासारखे पांढरे डाग. ॲसिडनं वरचा चकाकीचा थर खाल्ला होता. आबा खाली वाकले, डागावर अंगठा फिरवला आणि माझ्या हातांकडे बघितलं.

"हात बघ तुजे."

बोटांची टोकं पिवळट पांढरी पडली होती, दोन ठिकाणी कातडी सुटली होती. मला काही जाणवलं नव्हतं. बायकोनं पाण्याची धार धरून बोटं धुतली, मलम लावलं. तिनं विचारलं, "दुखत न्हाई का?" मी म्हटलं, "दुखत असंल." ती माझ्याकडे बघत राहिली. मग ओसरीवर चहा न्यायचा होता म्हणून उठली.

आबा परत ओसरीवर गेले नाहीत.

आबा एका पुढाऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होते. बरीच वर्षं. मी शाळेत असतानाच त्यांनी ती नोकरी सोडली आणि त्यानंतर स्टिअरिंगला कधी हात लावला नाही. माझी गाडी आली तेव्हा लांबूनच बघून "बरी हाय" म्हणाले. मायला घेऊन मी निघायचो तेव्हा ते गोठ्यात काहीतरी करत असायचे. "आबा, चला की आज," असं मी सुरुवातीला म्हणायचो. गुडघे दुखतात म्हणायचे. पुढं मी विचारणं सोडलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कागदावर यादी लिहायला लावली. पाण्यात भिजवून घासायचा पॉलिश पेपर, जाड, मध्यम, बारीक आणि अगदी बारीक. धातूच्या पॉलिशचा डबा. गाडीचा शाम्पू. मऊ ब्रश. रबरी हातमोजे. मी एसटीनं बीडला जाऊन सगळं आणलं. दुकानदारानं ओळखीनं विचारलं, "माय कशी आहे?" मी म्हटलं, "गेली." तो थांबला. मी म्हटलं, "हा पेपर दोन हजार नंबरचा आहे ना?"

घरी आलो तर आबांनी दोन पोती टाकून ठेवली होती, दोन बादल्या भरून ठेवल्या होत्या. एक साबणाची, एक साध्या पाण्याची.

"पेपर भिजवून घे. कोरडा लावू नको. गोल फिरवू नको, एकाच अंगानं वढ. डाग जाईस्तवर जाड, मग त्याचे ओरखाडे जाईस्तवर मधला. घाई करू नको."

"किती वेळ लागंल?"

"तुला कुटं जायचंय?"

मी चाकाच्या एका काडीवर, ते दुसऱ्या काडीवर. आतल्या बाजूला शिशाच्या बारक्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. मी एक नखानं उचकटायला गेलो तर त्यांनी मनगट धरलं. "ती वजनं हायत. काढलीस तर चाक हादरंल." मग धरलेलं मनगट सोडायला त्यांना जरा वेळ लागला.

गावात चर्चा झालीच. सुतकात बाप-लेक गाडी घासायलेत. भावकीतले एक काका मागं येऊन उभे राहिले.

"आरं, मानसं येऊन बसायलीत. तुमी हितं काय लावलंय हे? चांगलं दिसतं का?"

आबांनी मान वर केली नाही. "येऊ द्या. बसू द्या," म्हणाले, आणि पेपर पाण्यात बुडवला.

ओसरी सांभाळली माझ्या बहिणीनं. ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, सिरसाळ्याला दिलेली. येणाऱ्या प्रत्येक बाईच्या गळ्यात पडून ती रडत होती, आणि पुन्हा डोळे पुसून पुढच्या बाईला पाणी देत होती. संध्याकाळी ती माझ्याजवळ आली. हातातलं चाक बघितलं.

"तू रडत कावून न्हाईस?"

"येत न्हाई."

"मनात साठवू नको बाबा."

"साठलंय का तेच कळत न्हाई, ताई."

ती थोडा वेळ तिथंच बसली. मी घासत राहिलो.  

शुक्रवारी आम्ही मागची दोन चाकं काढली. ॲसिडचं चाक आणि दुसरं पुढचं चाक तोवर झाली होती. डागाच्या जागी जरा मंद चकाकी होती, पण माहीत नसलेल्याला कळलं नसतं. दुपारची वेळ. ओसरीवरचे लोक जेवायला गेले होते. आबा चिंधीवर पॉलिश घेऊन चाकाची कड पुसत होते. मधेच, चाकाकडे बघतच म्हणाले,

"तुज्यानंतर एक झालता."

मला कळलं नाही. "काय झालतं?"

"पोरगं. तू चार वर्साचा होतास."

मग ते सांगत गेले. आवाज चढला नाही, पडला नाही. हात चालू होता.

निवडणुकीचे दिवस होते. साहेबांनी, म्हणजे त्या पुढाऱ्यानं, पुण्याहून नवी मॅगव्हीलं आणून जीपला बसवली होती. तालुक्यात तशी चाकं कुणाकडे नव्हती. संध्याकाळी मिरवणूक होती आणि साहेबांनी आबांना सांगितलं होतं, चाकात तोंड दिसलं पाहिजे. आबा साहेबांच्या अंगणात चाकं पुसत बसले होते. तेवढ्यात गावातला एक माणूस मोटारसायकलवर निरोप घेऊन आला. मायला दिवस भरायच्या आधीच कळा सुटल्या होत्या. बीडला न्यायला हवं होतं.

"मी त्याला म्हनलं, दोन चाकं राहिलीत. येवढी करतो आन् येतो."

"मग?"

"मग दोन झाली. तवर साहेब बाहीर आले. गाडी काढ म्हनले. मी काढली."

"साहेबांनी जाऊ दिलं न्हाई?"

आबांनी चिंधीची घडी उलटी केली. "मी इचारलंच न्हाई. इचारलं आसतं तर दिलं आसतं जाऊ. गाडीबी दिली आसती. तसा मानूस वाईट नव्हता. न्हाई म्हनला आसता तर मी त्याच्या नावानं बोटं मोडली आसती. पर मी इचारलंच न्हाई."

मिरवणूक संपून, सभा आटपून ते दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आले. मायला कुणाच्या तरी दुधाच्या टेम्पोत घालून बीडला नेलं होतं. पोरगं काही तासच जगलं. पुरून झालं होतं.

"माय काय म्हणाली?"

"काय न्हाई. चा केला."

"नंतर?"

"कदीच न्हाई."

आबा पुन्हा कड पुसू लागले. मी त्यांच्याकडे बघत होतो. आता आपल्याला काहीतरी वाटायला हवं, एवढं मला कळत होतं. राग, नाहीतर दया. मी वाट बघितली. लिंबाची वाळकी पानं बादलीत पडली होती, ती काढली. मग मला एक गोष्ट आठवली. मी गाडी घरी आणली त्या दिवशी माय काठी टेकत भोवती फिरली होती, चाकापाशी थांबली होती आणि म्हणाली होती, "ह्येची चाकं कोन पुसनार?" मी हसून म्हटलं होतं, "कुणीच नाही." ती म्हणाली होती, "मंग बरं हाय." आणि दार उघडून बसली होती.

हे मी आबांना सांगितलं नाही.

ताईला मात्र विचारलं. ती त्या वेळी नऊ वर्षांची होती. ती भाकरी थापत होती, थापता थापता थांबली.

"कोन सांगितलं तुला?"

"आबांनी."

"आबांनी सोताहून?" तिनं तव्याकडे बघितलं. "मी होते की. टेम्पोत बसताना मायनं माझा हात धरलाता. आबांना कदी इचारू नको म्हनली. त्यांना तोंड लपवायला जागा र्‍हानार न्हाई म्हनली."

"आणि तू कधीच विचारलं नाहीस?"

"मायनं सांगितलंतं ना." तिनं भाकरी तव्यावर टाकली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पिठाच्या हातानं ते पुसत होती. मी तिच्या गालावर लागलेलं पीठ बघत राहिलो.

चौथं चाक आम्ही शनिवारी घेतलं. मागचं उजवं. ह्या टायरची हवा कायम थोडी थोडी कमी व्हायची, आणि मी दर आठवड्याला भरायचो. पंक्चरवाल्यानं दोनदा टायर तपासलं होतं, त्याला काही सापडलं नव्हतं. आतली बाजू सगळ्यांत घाण होती. आबांनी डिझेलच्या चिंधीनं डांबर सोडवलं, शाम्पूनं धुतलं, कोरडं केलं. मग चाक उन्हाला धरून त्यांनी नख एका जागी मागंपुढं केलं.

"हितं बघ."

मला काही दिसेना. त्यांनी माझं बोट धरून तिथं ठेवलं. केसाएवढी रेघ होती. कडेपासून आत, माझ्या बोटाच्या दोन पेरांएवढी लांब.

"तडा हाय. खड्ड्यात आपटलंय कवातरी."

"घाणीत दिसला नाही."

"कसा दिसंल?" ते खाली बसले. बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिले. "ह्या चाकावर तू तिला नेत होतास. लई दिवस."

"हो."

"फुटलं आसतं तर?"

 त्या रस्त्यावर मी ऐंशीच्या वेगानं गेलो होतो. परत येताना माय सीट मागं करून डोळे मिटून पडलेली असायची, हाताला पट्टी. फुटलं असतं. फुटलं नाही. आणि ती दवाखान्याच्या खाटेवर, झोपेतच गेली.

आबांचा चेहरा वाकडा झाला. ते त्या चाकावर दोन्ही हात ठेवून रडू लागले. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्यांनी खांद्यावरचा गमचा तोंडात धरला होता. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. मी उठून त्यांच्या शेजारी बसलो. पाठीवर हात ठेवला. हात ठेवावा असं वाटलं म्हणून नाही. अशा वेळी हात ठेवतात, म्हणून ठेवला. त्यांची पाठ किती बारीक झाली होती ते मला हाताला लागलं.

सोमवारी दहावा झाला. मी डोकं भादरलं. पिंडाला कावळा लवकर शिवला, लोक म्हणाले, बाई तृप्त गेली. तेराव्यानंतर ताई सिरसाळ्याला परत गेली आणि मी स्टेपनी लावून, तडा गेलेलं चाक घेऊन बीडला निघालो. आबा म्हणाले, "थांब, येतो." पायात चपला घालून ते आले आणि माझ्या शेजारच्या सीटवर न बसता मागं बसले. तिथनं माझ्या केस उगवू लागलेल्या डोक्याकडे बघत आले असतील. 

टायरच्या दुकानातला माणूस म्हणाला, "वेल्डिंग मारून देतो. वरून पॉलिश करा, कळणार पण नाही."

"आन् टिकंल?"

"ते आता काका, सांगता येत नाही. हळू चालवा."

"मग नको," आबा म्हणाले. "हे मोडीत टाक. पुना कुनाच्या गाडीला लागलं न्हाई पायजे." त्यांनी त्याच्याकडून हातोडा मागून घेतला आणि दुकानाच्या दारात, रस्त्यावर, त्या घासूनपुसून लखलखीत केलेल्या चाकाची कड तडा गेला होता तिथं ठोकून मोडून टाकली. चार घाव लागले. रिक्षावाले थांबून बघत होते. आम्ही साधं लोखंडी काळं चाक बसवून घेतलं. गाडीला तीन मॅगव्हीलं आणि एक लोखंडी, तशीच अजून चालते.

मायच्या वारसाचं प्रतिज्ञापत्र मीच टाइप केलं. एकही चूक झाली नाही. आबांनी सही चुकीच्या जागी केली म्हणून दुसरी प्रत काढावी लागली.

यालाही आता बरेच महिने झाले. बायको कधीतरी रात्री जेवताना विचारते, "बरं हाय ना?" मी हो म्हणतो, आणि ते खोटं नसतं. जेवतो, झोपतो, गिऱ्हाइकांशी बोलतो. मंगळवार येतो आणि जातो. रडू आलेलं नाही. येईल असं सगळे म्हणतात. मी त्याची वाट बघणं सोडलं आहे.

आबांचं मात्र निराळं झालं. आमच्या चाकांची चकाकी बघून गल्लीतल्या एका मास्तरांनी त्यांची गाडी आणली. मग कुणी जीप आणली, कुणी मोटारसायकलचं चाक काढून आणलं. आबा पैसे घेत नाहीत. काम मात्र स्वतःच्या वेळेनं करतात. आधी चाक उलटं करून आतली बाजू तपासतात, उन्हाला धरून, नख फिरवून. वरची बाजू मग. कुणी घाई केली तर ऐकवतात.

गेल्या रविवारी मास्तर पुन्हा आले होते. कुठल्यातरी लग्नाला जायचं होतं.

"काका, नुसतं वरून पुसून द्या हो. उशीर होतोय."

"मग जावा तसंच," आबा म्हणाले. "लग्नाला उशीर चालंल, चाक फुटलेलं चालंल व्हय?"

मास्तर हसले आणि पारावर जाऊन बसले. आबांनी मला हाक मारली. मी पाण्याचा पाइप धरून उभा राहिलो. ते सांगतील तिथं धार सोडत होतो. चाकातून काळं पाणी निघालं, मग मातकट, मग स्वच्छ.

"अजून थोडं," आबा म्हणाले. "खालच्या अंगाला."

मी पाइप खालच्या अंगाला वळवला.